दोन्ही म्हणायचं नाही

आमच्या अप्पांना साधा प्रश्न विचारता येत नसे. "भूक लागली का?" असं ते कधी म्हणाले नाहीत, "भाकरी का भात?" म्हणायचे. "बाहेर जायचं का?" असंही नाही, "तळ्यावर का चौपाटीला?" सकाळी मी तोंड धुऊन पदराला हात पुसत असेपर्यंत पहिला प्रश्न यायचा, आणि रात्री अंथरुणं पडली तरी शेवटचा संपलेला नसायचा. उसाचा रस आल्याचा का लिंबाचा? शेंगाचटणी दह्यात का तेलात? मिशीवाला हिरो का बिनमिशीचा? दुःखी गाणं का खोडकर? या खेळाचे नियम त्यांनीच केलेले. चुटकी वाजायच्या आत उत्तर द्यायचं. दोन्ही म्हणायचं नाही. काहीच नको म्हणायचं नाही. आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द बदलायचा नाही, कारण अप्पांच्या मते माणसाचा पहिला शब्द खरा असतो, पुढचे सगळे शेजाऱ्यांसाठी असतात.

त्यांची ही सवय दुकानातली. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका चादरीच्या दुकानात ते गादीवर बसून चादरी, टॉवेल दाखवायचे. मालक तेलुगू, गिऱ्हाईक गावोगावचं, आणि अप्पांना मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषा येत असल्यामुळे त्यांच्याशिवाय दुकानाचं पान हलायचं नाही. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन जायचे तेव्हा कोपऱ्यात बसून बघत राहायचे. लग्नाची खरेदी करायला आलेली माणसं दारातूनच "नुसतं बघायचंय" म्हणत आत यायची. अप्पा हसून दोन चादरी त्यांच्यापुढे उलगडायचे, हात फिरवायचे आणि विचारायचे, "मोराची आवडली का फुलाची?" बघायला आलेली बाई विचारात पडायची. मोर बरा वाटतोय, नाही, फुलंच बरी. बोलता बोलता चादर घडी होऊन कागदात जायची. एकदा त्यांनी मला हे समजावून सांगितलं होतं. "घ्यायची का, असं गिऱ्हाइकाला कदी इचारायचं न्हाय नंदा. न्हाय म्हणायला जागा मिळते त्याला. हे का ते, एवढंच इचारायचं. मग ते निवडत बसतंय, आणि निवडलं की घेतंय."

दुकानात ठीक होतं. पण ते सगळं घरी घेऊन यायचे, आणि घर केवढं, तर दोन खोल्या आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. पलीकडच्या भिंतीला लागून चादरींचे माग चालायचे, त्यांची खटखट दिवसभर ताटवाट्यांत उतरायची, आणि त्या खटखटीच्या वर अप्पांचा आवाज. मी कॉलेजला विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा तोंडावर, समोर वही उघडी, आणि अप्पा पायजमा बदलता बदलता विचारायचे, "नंदा, नाचणारी हिरॉईन का रडणारी?"

"अप्पा, मी अभ्यास करायलेय."

चुटकी वाजायची. "उशीर झाला. गिरी, तू सांग."

गिरिजा माझी धाकटी बहीण. तिला हा खेळ इतका आवडायचा की तिचं सगळं आयुष्य त्यावर चालेल असं वाटायचं. "रडणारी," ती पलंगावरून ओरडायची, "पण शेवटी हसणारी." मग अप्पा म्हणायचे की हे दोन्ही झालं, चालणार नाही, आणि मग दोघांचा वाद. रडणारी हिरॉईन शेवटी हसली तर ती कुठल्या खात्यात धरायची, यावर जेवण होईपर्यंत चर्चा. सिनेमाला गेलो तरी सुटका नव्हती. मध्यंतराच्या दिव्यात लोक पाय मोकळे करायला उठले, की अप्पा रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "सामोसा का भजी? भाऊ खरा का पोलीस खरा? हे गाणं का मघाचं?" मागच्या रांगेतली अनोळखी माणसंही उत्तरं द्यायची. मी पदर तोंडावर घेऊन खुर्चीत खाली सरकायचे. माझी चिडचिड कुणाला दिसतही नव्हती, कारण अप्पांना ती खेळाचाच भाग वाटायची. "चिडकी नंदा का रडकी नंदा?" ते विचारायचे आणि गिरी लगेच म्हणायची, "चिडकी."

आता हे लिहिताना माझा फोन बाजूला पालथा ठेवलाय, कारण गिरीची नात सकाळपासून घरच्या ग्रुपवर तेच करतेय. वडापाव की मिसळ, एकच निवडा. चित्रपट थिएटरमध्ये की घरी. खाली पिवळी तोंडं, टाळ्या, आणि पुण्यापासून बंगळुरूपर्यंत पसरलेले आमचे सगळे वंशज पटापटा उत्तरं देतायत. मी मघाशी लिहिलं, "दोन्ही नको, मला आंबील पाहिजे." त्यावर पोरगी म्हणते, मोठी आजी नेहमी खेळ बिघडवते. तिला काय सांगायचं. एकेकाळी मी हा खेळ निमूटपणे खेळले होते आणि त्यात माझं काय झालं असतं, हे तिच्या आजीला विचार म्हणावं.

आमच्या घरात हा खेळ न खेळणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे अव्वा, आमची आई. ती अक्कलकोटकडची, घरी कन्नड बोलून वाढलेली, आणि मराठी बोलतानाही तिचे शब्द मोजके. अप्पांनी तिला विचारलं, "गव्हाची हुग्गी करतीस का शेंगापोळी?" तर ती चुलीकडे तोंड करून म्हणायची, "करीन की जे करायचंय ते." अप्पा चुटकी वाजवून वाजवून थकायचे. मला त्या वयात वाटायचं की तिला आवडीनिवडीच नाहीत. ताटात शेवटी जे उरेल ते ती खायची, रेडिओवर जे लागेल ते ऐकायची. पण एक गोष्ट मी बघितली होती, तेव्हा तिचा अर्थ लावला नव्हता. हुग्गी करायची का शेंगापोळी, हा वाद आम्ही तिघं घालत असताना अव्वा धपाटे थापून मोकळी झालेली असायची. गरम धपाटं, वर लोणी, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. मग कुणी काही बोलत नसे.

त्या दिवशी संध्याकाळीही असंच जेवायला बसलो होतो. कडक भाकरी मोडून आमटीत भिजवलेली, अव्वा वाढत होती, आणि अप्पा जरा जास्तच खुशीत. प्रश्नांचा पट्टा सुरू झाला. मी त्या दिवसांत एक युक्ती शोधली होती: विचार न करता, घास न थांबवता, कानावर पडेल त्यातलं एक उचलून फेकायचं, म्हणजे प्रश्न लवकर संपतात.

"आमटी का पिठलं?"

"आमटी."

"रेडिओ का टीव्ही?"

"रेडिओ."

"बाल्कनी का खालचं?"

"खालचं."

"जेऊर का माळशिरस?"

"जेऊर."

चुटकी वाजली नाही. अप्पांनी अव्वाकडे बघितलं, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघ. मी म्हणलं नव्हतं?" अव्वाच्या हातातला डाव तसाच वर राहिला होता. मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. जेऊर मी फक्त पुण्याच्या गाडीतून, खिडकीतून बघितलेलं. एक फलाट, थोडी झाडं, चहा विकणारा माणूस. माळशिरस तर तेवढंही बघितलं नव्हतं. कुठलं गाव चांगलं, असला काहीतरी अप्पांचा नवा प्रकार असेल असं समजून मी विसरूनही गेले.

दोनतीन दिवसांनी अप्पा दुकानातून येताना पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "रविवारी जेऊरची माणसं येणार हायती. कॉलेजची पुस्तकं तेवढी आत ठेव."

"कोण जेऊरची?"

"आता कोण म्हणतीस? तूच सांगितलंस की."

मला कळायला वेळ लागला. अप्पांनी मग अगदी आनंदानं, एकेक चादर उलगडावी तसं सांगितलं. दोन स्थळं आली होती. बसय्या आण्णा म्हणून आमच्या नात्यातले एक गृहस्थ लग्नं जमवायचे, त्यांनी आणलेली. दोन्ही आपल्यातली, दोन्ही घरंदाज. माळशिरसच्या मुलाचं उसाचं रान, ट्रॅक्टर, बारमाही पाणी. जेऊरच्या मुलाच्या घरी धान्याची आडत, आणि तो स्वतः जवळच्या गावी शाळेत मास्तर. "मला दोन्ही पसंत," अप्पा म्हणाले, "पर मी म्हणलं, पोरीला इचारल्याशिवाय मी एक पाऊल टाकणार न्हाय. म्हणून इचारलं."

"हे इचारणं झालं?"

"मग काय झालं? बाकीचे बाप एवढंबी इचारत न्हाईत."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी मला निवडू दिलं. मी म्हणाले, मला माहीत नव्हतं कशाबद्दल विचारताय ते. ते म्हणाले, म्हणूनच तर खरं उत्तर आलं. मी म्हणाले, मला दोन्ही नको. त्यावर ते हसले. "दोन्ही नको असं म्हणायचं नसतंय," असं म्हणून पेढ्याचा पुडा गिरीच्या हातात देऊन पाय धुवायला गेले. गिरीनं एक पेढा खाल्ला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि पुडा गुंडाळून फडताळात ठेवला. त्या पोरीनं मिठाई आपणहून बाजूला ठेवल्याचं मी तेवढं एकदाच बघितलं.

मला काय पाहिजे होतं, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझ्या मनात कुठली मोठी स्वप्नं नव्हती, कुणी मुलगा नव्हता. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बसायला आवडायचं, पण त्याचं पुढं काय होतं ते आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. आणि त्यामुळेच चिडायलाही धड जागा नव्हती. दुसरं काही मागत असते तर भांडता आलं असतं. मी फक्त नको म्हणत होते, आणि नको हे उत्तर खेळात नव्हतं.

रविवारी सकाळी अव्वा उखळात शेंगा कुटत बसली होती. भाजलेल्या शेंगदाण्यांचा, लसणाचा वास घरभर. मी मुसळ घ्यायला गेले तर तिनं दिलं नाही. कुटता कुटताच, खाली बघत तिनं विचारलं, "बेकु का ब्याड?"

एवढेच शब्द. पाहिजे का नको. तिच्या माहेरी बाजारात भाजीवालीलाही लोक असंच विचारतात.

"ब्याड," मी म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अव्वानं मुसळ थांबवलं नाही. "माझ्या वेळेला कुणी इचारलं न्हाय," ती म्हणाली. "सोलापूरला दिली, आले. बरं झालं म्हण. पर इचारलं न्हाय."

"तू सांग ना अप्पांना."

"मी सांगितलं. त्यांना वाटतंय मला तू जवळ पायजेस म्हणून मी म्हणायलेय. तुजं तोंड देवानं दिलंय की. तू सांग."

"ते ऐकत नाहीत."

"चारचौघांत ऐकतील," अव्वा म्हणाली, आणि चटणी परातीत काढू लागली.

जेऊरची माणसं दुपारी आली. मुलगा, त्याचे वडील, आई आणि एक मामा. मामांनी येता येताच ऊन किती, गाडी किती उशिरा, बसायला जागा कशी मिळाली नाही, हे सगळं सांगून टाकलं आणि भिंतीला टेकून बसले. अप्पांनी दुकानातून मागून आणलेली नवी चादर पलंगावर घातली होती. मी पोह्यांचं ताट घेऊन गेले तेव्हा खोलीत तो अवघडलेला शांतपणा होता, जो अशा वेळी सगळ्यांच्या घरी असतो. आणि अप्पांना शांतता कधी सहन झाली नाही.

"रावसाहेब," ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, "चहा गोड का कडक?"

"कडक," ते गृहस्थ म्हणाले.

"वा. आणि तुमी मास्तर, खोडकर गाणं का दुःखी?"

मुलगा आधी लाजला, मग म्हणाला, "खोडकर." त्याची आई हसली. मामाही सावरून बसले, आणि त्यांना हिरो कुठला विचारल्यावर त्यांनी मारामारीवाल्याचं नाव घेऊन त्याच्या एका सिनेमातली पूर्ण मारामारी हातवारे करून सांगितली. पाच मिनिटांत खोली मोकळी झाली. मला मान्य केलं पाहिजे की अप्पांना हे जमत असे. गिरी दाराआडून उत्तरं पुटपुटत होती. मुलाची आई म्हणाली, त्यांच्याकडे शेंगाचटणीत दही नाही, ताक घालतात. अप्पा म्हणाले, ते तिसरं झालं, पण पाहुण्यांना माफ.

मुलाचं नाव शिवानंद. रंगानं सावळा, नखांच्या कडांत शाळेतला खडू अजून राहिलेला, आणि बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारा. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. अप्पा त्याला म्हणाले, "आता तुमी इचारा की आमच्या नंदाला काहीतरी. लाजू नका, खेळच हाय."

त्यानं मान डोलावली. मग हसून म्हणाला, "सोलापूर का जेऊर?"

सगळे हसले. मी ताट खाली ठेवलं.

"सोलापूर," मी म्हणाले.

हसणं आणखी थोडं चाललं. अप्पांनी हात उडवला. "माहेर कुणाला आवडत न्हाय हो? खेळातलं हाय ते."

"अप्पा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, "परवा मी जेऊर म्हणाले ते खेळातलं नव्हतं?"

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "परवा म्हणजे?"

अप्पा चादरीची सुरकुती सारखी करू लागले. मलाच सांगावं लागलं. जेवताना विचारलं, आमटी का पिठलं, रेडिओ का टीव्ही, जेऊर का माळशिरस. मला वाटलं नुसती गावांची नावं आहेत. दोन स्थळं आहेत हे मला नंतर कळलं. सांगताना मला एकीकडे रडू येत होतं आणि दुसरीकडे या सगळ्याचा इतका वैताग आला होता की मी मधेच "आणि मला रेडिओही एवढा आवडत नाही" असंही म्हणाले. ते का म्हणाले कोण जाणे.

मामा म्हणाले, "म्हंजे आमी येवढ्या लांबनं कशापाय आलो?"

शिवानंद त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे तुमाला कुणी इचारलंच न्हाय की."

"नाही," मी म्हणाले.

"मग आता इचारतो. यायचंय का तुमाला?"

मी मान हलवली. नाही म्हणून. त्यानं एकदा मान खाली घातली. मग वर करून म्हणाला, "बरं." त्या "बरं"मध्ये राग नव्हता. त्याला वाईट वाटलं असणार, पण त्यानं ते माझ्यावर टाकलं नाही. पुढं मी पुष्कळ माणसं बघितली, शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरची. इतक्या सरळपणे नकार घेणारी थोडी.

त्याची आई मात्र दुखावली होती. ती उठायला लागली तेव्हा अव्वा आतून आली आणि तिचा हात धरून म्हणाली, "जेवूनच जायचं. स्वयंपाक झालाय." आणि ती माणसं जेवली. आजच्या लोकांना हे खरं वाटणार नाही. अव्वानं शेंगापोळ्या केल्या होत्या, तिनं एकेकाला आग्रह करून वाढल्या, बाईंच्या ओटीत खण-नारळ घातला. अप्पा वाढत होते, पण कुणाला काही विचारत नव्हते. निघताना मुलाचे वडील अप्पांना म्हणाले, "पोरगी धीट हाय तुमची," आणि ते चांगल्या अर्थानं म्हणाले का वाईट, हे आम्हाला कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसय्या आण्णा तणतणत आले. त्यांची अब्रू गेली होती, त्यांची चप्पल झिजली होती, आणि मुलींना कॉलेजात घातलं की काय होतं ते त्यांना आधीपासून माहीत होतं. सगळं बोलून झाल्यावर पाणी पिऊन ते म्हणाले, "झालं ते झालं. मग माळशिरसला कळवू का?"

"नको," अप्पा म्हणाले.

"मग कुणाकडं बघू?"

"कुणाकडंच नको. तुमी बसा, चहा घ्या."

त्यानंतर आमच्या घरात प्रश्न बंद झाले. मला वाटलं होतं की मला हायसं वाटेल. वाटलं नाही. अप्पा दुकानातून यायचे, पाय धुवायचे, ताटात जे येईल ते खायचे. रेडिओ लागलेला असायचा आणि गाणं खोडकर का दुःखी, कुणाला घेणंदेणं नव्हतं. ते माझ्याशी बोलत होते, नाही असं नाही, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. रागावले असते तर मी उलट बोलले असते. त्यांचं तोंड पडलेलं असायचं, आणि ते बघून मी आणखी चिडायचे: लग्न माझं ठरवलं होतं, न विचारता ठरवलं होतं, आणि वाईटही मीच वाटून घ्यायचं. गिरीनं एकदोनदा स्वतःच खेळ सुरू करून बघितला. "अप्पा, काकडी का गाजर?" अप्पा म्हणाले, "खा की काहीबी." गिरी अव्वाजवळ जाऊन रडली. घरातले सगळे माझ्यामुळे दुःखात आणि मी बरोबर, असलं बरोबर असणं फार वैतागाचं असतं.

परीक्षा झाली. निकाल लागला. त्या संध्याकाळी अप्पा लवकर आले. अव्वा मिरच्यांत मसाला भरत होती आणि मी तिच्याजवळ बसून देठं काढून देत होते. अप्पा उंबऱ्यावर बसले. घसा खाकरला, टोपी काढली, परत घातली. या माणसाला काहीतरी विचारायचं आहे आणि ते कसं विचारायचं हे त्याला ठाऊक नाहीये, हे मला कळत होतं.

"नंदा," शेवटी ते म्हणाले, "तुला काय पायजे?"

मी देठं हातात धरून बसले. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला काही समोर न ठेवता विचारलं होतं. मला त्यांचा राग आला, की आत्ता विचारताय. माझा स्वतःचा आला, की इतकं भांडून शेवटी हातात काही नाही.

"म्हाईत न्हाय अप्पा," मी म्हणाले.

मला वाटलं ते आता दोन गोष्टी काढतील. नोकरी का पुढचं शिक्षण, असं काहीतरी. ओठापर्यंत आलेलं मला दिसलंही. पण त्यांनी ते गिळलं. "बरं," ते म्हणाले, "म्हाईत झालं की सांग." आणि अव्वाकडे वळून, "मिरच्या लई तिखट हायत का गं?" अव्वा म्हणाली, "खाऊन बघा."

मला कळायला पावसाळा गेला. कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितलं की रक्त-लघवी तपासण्याचा एक अभ्यासक्रम असतो, तो केला की दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळतं, आणि तिथं दिवसभर सूक्ष्मदर्शकच असतो. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अप्पांनी दोनदा विचारलं, "कुणाचं रक्त?" पण प्रवेशाच्या दिवशी ते रजा टाकून माझ्याबरोबर आले आणि बाहेरच्या बाकावर दुपारभर बसून राहिले. पुढं आयुष्यभर मी तेच काम केलं. लग्नही केलं, उशिरा, माझ्याच दवाखान्यातल्या एका शांत माणसाशी. पण ती हकिगत वेगळी, आणि तिच्यात सांगण्यासारखं भांडण नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. अप्पांना रक्त बघवत नसे. दाढी करताना जरा कापलं तरी ते आरसा ठेवून खाली बसायचे आणि अव्वाला पाणी मागायचे. अभ्यासक्रमात आम्हाला रक्त काढायची सवय करायला लागायची, आणि माझा हात काही केल्या बसत नव्हता. वर्गातल्या मुलींनी एकमेकींचे हात टोचून टोचून निळे केले होते, आता कुणी द्यायला तयार नव्हतं. गिरी तर माझी पिशवी बघितली की शेजारी पळायची. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली तसा मी घरात चिडचिडीनं सगळ्यांना सळो की पळो केलं. एका रविवारी सकाळी मी स्टोव्हवर भांड्यात काचेची सिरिंज उकळत ठेवली होती, अव्वाचा हात मिळतो का बघावा म्हणून, तर अप्पा स्वयंपाकघरात आले, पाट ओढून बसले, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात पुढं केला.

"अप्पा, तुम्हाला चक्कर येईल."

"येऊ दे. हितंच बसलोय की, पडून पडून कुटं पडणार?"

अव्वा हात पुसत येऊन त्यांच्या मागं उभी राहिली, आणि तिनं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. मी रबरी पट्टा बांधला. त्यांची शीर चांगली होती, चादरी उचलून उचलून दंड घट्ट झालेला. "हात सैल सोडा," मी म्हणाले. त्यांनी आणखी आवळला. "अप्पा, सैल." तोंड भिंतीकडे फिरवून, डोळे गच्च मिटून, कपाळावर घाम, ते नुसते श्वास घेत होते.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

मी अजून सिरिंज पाण्यातून काढलीही नव्हती.